हात काढलेत?

मी पदार्थविज्ञान शिकले आहे. प्रयोगशाळेत नोकरी करते. कुठलाही आकडा पुन्हा पडताळल्याशिवाय वहीत उतरवत नाही. त्यामुळे आधीच सांगते... पुढचं सगळं खरं आहे. मी काही रंगवलेलं नाही. जिथे मला खात्री नाही, तिथे तसंच लिहीन.

अशा गोष्टी रात्री घडतात म्हणे.

ही रविवारी दुपारी घडली. जेवणं झाल्यावर. आमच्या घराखालच्या गॅरेजमध्ये. शटर अर्धं वर होतं आणि जमिनीवर उन्हाचा पट्टा पडला होता.

गॅरेज लहानच. गाडी आत घेतली की एका बाजूने आडवं होऊनच जावं लागतं. भिंतीवर नट-बोल्टचे पाने टांगलेले. कोपऱ्यात एक जुना पंखा, फिरताना सतत घरघरणारा. आणि वर स्वयंपाकघरात जाणारा जिना.

गाडी माझ्याहून वयाने मोठी आहे. बाबांनी ती सहसा कुठल्या मेकॅनिकच्या हाती दिली नाही. ते पाण्याच्या पंपांवर कामाला होते. "फिरतं ते सगळं मला कळतं," असा त्यांचा दावा.

त्यावर आई म्हणायची, "हो, माझं डोकं सोडून."

पण गाडीची दुरुस्ती दोघं मिळूनच करायची. बाबा बॉनेटखाली. आई ड्रायव्हरच्या सीटवर, चावीपाशी. बॉनेट उघडं असलं की समोरचा माणूस दिसत नाही, म्हणून त्यांचं बोलणं ठरलेलं होतं.

बाबा ओरडायचे, "मार सेल्फ!"

आई विचारायची, "हात काढलेत?"

बाबा म्हणायचे, "काढले."

मगच ती चावी फिरवायची.

लग्नानंतर लगेचच एकदा तिने पहिल्या हाकेलाच चावी फिरवली होती. बाबांचा हात बेल्टपाशी होता. बोटाचं टोक गेलं. बाबा ते हसण्यावारी नेत, पण आईने कधीच नेलं नाही. तेव्हापासून हा नियम. बाबांनी मुद्दाम उत्तर दिलं नाही तर ती तशीच बसून राहायची.

"अहो, हात काढलेत का? ऐकल्याशिवाय मी चावी फिरवणार नाही. उभे राहा संध्याकाळपर्यंत."

ती शिवणकामाच्या वर्गात शिकवायची. मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवायची सवय. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं.

लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांकडे गाडी अशीच सुरू करतात.

मग आई गेली. आजारपण फार लांबलं नाही. त्याबद्दल एवढंच लिहिते.

काही महिन्यांनी शेजारच्या काकूंचा फोन आला.

"अगं, तुझ्या बाबांची गाडी दर रविवारी कशी बिघडते? सारखे खालीच असतात. आणि..."

"आणि काय, काकू?"

"काही नाही गं. तू एकदा येऊन जा." मग जरा थांबून म्हणाल्या, "ते एकटेच राहतात ना घरात?"

मी रजा टाकली आणि गेले.

बाबा वाळले होते. पण चेहरा मात्र... कसं सांगू... टवटवीत. त्याचंच मला वाईट वाटलं. का ते तेव्हा कळलं नाही. जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर कार्बोरेटर ठेवला होता.

"या, शास्त्रज्ञबाई."

"बाबा, हे इथे? आपण जेवायचं कुठे?"

"स्वयंपाक मी केलाय. कार्बोरेटर जास्त चवदार लागेल."

मी हसले. म्हटलं, "रविवारी मी बसते चावीला."

त्यांचं हसू एकदम गेलं.

"नको."

"मग चावी कोण फिरवतं?"

"मीच. फिरून जातो ना."

मी खाली जाऊन गाडी बघितली. ड्रायव्हरची सीट अगदी पुढे सरकवलेली होती. आई ठेंगणी होती, ती अशीच बसायची. बाबा उंच आहेत. त्या सीटवर त्यांचे गुडघेच मावणार नाहीत. मी सीट मागे सरकवली.

सकाळी पाहिलं तर...

सीट पुन्हा पुढे होती.

बाबांनी केलं असेल. खात्री नाही.

चौकातल्या मेकॅनिकला सगळे सायलेन्सर म्हणतात, कारण तो बोलायचा थांबत नाही. मला बघितल्यावर तो गिऱ्हाईक सोडून आला.

"ताई, काकांना समजवा. मागे एकदा मी सहज डोकावलो, तर कॉईलची वायर सुटलेली. लावून देतो म्हटलं, तर माझ्यावर खेकसले. पुढच्या रविवारी प्लगची वायर. मग बेल्ट ढिला. अहो, गाड्या बिघडतात, माझं घरच त्यावर चालतं. पण अशा शिस्तीत, वार बघून नाही बिघडत."

मग तो खरोखर गप्प झाला. हात पुसत राहिला.

"कुणीतरी बिघडवतंय, ताई."

रविवार आला.

जेवण झालं. बाबा खाली गेले. मी वर भांडी घासत होते. जिन्याचं दार उघडं होतं. खालून पंख्याची घरघर येत होती.

"मार सेल्फ!"

बाबांचा आवाज. पूर्वीसारखाच. माझे हात थांबले.

आता त्यांची पावलं वाजतील. ते फिरून सीटकडे जातील. मी वाट बघितली.

पावलं वाजली नाहीत.

सेल्फही लागला नाही.

नळ बंद करून मी अनवाणी जिना उतरले. बॉनेट उघडं. बाबा वाकलेले, दोन्ही हात कोपरापर्यंत आत. काही करत नव्हते. नुसते हात आत ठेवून उभे. डोळे मिटलेले.

ड्रायव्हरच्या सीटवर कुणी नव्हतं. मी नीट बघितलं. कुणीच नव्हतं.

आणि तेवढ्यात, तिथून...

"हात काढलेत?"

माझ्या आईचा आवाज मला ओळखता येतो. ताप आल्यावरचा, रागावलेला, दुसऱ्या खोलीतून येणारा, सगळे. तो तिचाच होता. जरा वैतागलेला.

बाबांनी उत्तर दिलं नाही.

"अहो... हात काढलेत का?"

बाबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि ते हसत होते.

"अहो?"

मी कठड्याला धरून खाली बसले. त्या आवाजाने बाबांनी डोळे उघडले. मला वाटलं ते ओशाळतील, नाहीतर रागावतील.

त्यांनी विचारलं, "तूसुद्धा ऐकलंस?"

मी मान हलवली. त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडू फुटलं.

नंतर तिथेच पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. आई गेल्यावर गाडी उभीच होती. एकदा खरोखर बिघाड होता म्हणून त्यांनी ती उघडली. सवयीने "मार सेल्फ" म्हणून गेले. आतून प्रश्न आला. सवयीनेच ते "काढले" म्हणाले. आणि गाडी सुरू झाली.

"मी धावत गेलो गं. सीट रिकामी. चावी फिरलेली."

"मग?"

"मग काय? गाडी दुरुस्त झाली. चालत्या गाडीला ती कशाला येईल? मी पुढे कितीदा नुसताच ओरडलो. आली नाही." ते खाली बघत म्हणाले, "म्हणून बिघडवतो."

"आणि उत्तर देत नाही."

"दिलं की ती चावी फिरवते, आणि जाते. नाही दिलं तर विचारत राहते. दोनदा, तीनदा, कधी जास्त. मग दमते. आवाज बारीक होत जातो." त्यांनी हात फडक्याला पुसले. "मी कुणाचं काय बिघडवतोय? नुसता गप्प उभा राहतो."

मला काय वाटलं, तेही लिहिते. आधी भीती नाही वाटली. मला तो आवाज पुन्हा ऐकायचा होता.

म्हणून मीच म्हटलं, "बाबा, परत हाक मारा."

या वेळी फोनवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवलं. आईने तीनदा विचारलं. आम्ही दोघंही ऐकत उभे होतो.

वर जाऊन ते मुद्रण ऐकलं. बाबांची हाक स्पष्ट होती. पंख्याची घरघर होती. आईचा आवाज नव्हता. याची मला कल्पना होतीच, पण जिथे जिथे तो असायला हवा होता...

तिथे पंखाही नव्हता.

काहीच नव्हतं. शांत खोलीतसुद्धा थोडी खरखर असते, हे मला कामामुळे माहीत आहे. इथे तीही नव्हती. आवाजाच्या पट्टीतून तेवढा तुकडा कुणीतरी कापून नेल्यासारखा. पुढे घरघर पुन्हा सुरू.

फोन बिघडला असेल म्हणून मी तो तपासला, दुसऱ्या फोनवरही प्रयोग केला. तेच.

त्या आठवड्यात मी रोज ऐकलं. बाबा रोज हाक मारायला तयारच होते. आणि ऐकता ऐकता मला एक गोष्ट जाणवली. ती बाबांच्या कधीच लक्षात आली नव्हती.

"बाबा, तिचा तिसरा प्रश्न नीट ऐका."

"काय त्यात?"

"ती घाबरलेली असते."

त्यांनी हातातला प्लग टेबलावर ठेवला.

"तिला समोरचं दिसत नाही. तुम्ही हाक मारता आणि मग तुमचा आवाजच येत नाही. तिला वाटत असणार, हात अडकला. दर वेळी. बाबा, आपण दोघं तिला रोज घाबरवतोय."

बाबा टेबलावरचा तेलाचा डाग अंगठ्याने पुसू लागले.

"मला नुसता आवाजच ऐकू यायचा गं," ते म्हणाले. "ती काय म्हणतेय ते मी ऐकलंच नाही."

पुढच्या रविवारी उत्तर द्यायचं ठरलं.

बाबांनी सकाळपासून गाडी नीट केली. बेल्ट ताणला. प्लग पुसून बसवले. फक्त कॉईलची एक वायर सुटी ठेवली, नाहीतर ती आलीच नसती. मग त्यांनी आंघोळ केली आणि पांढरा, इस्त्रीचा शर्ट घातला. बॉनेटखाली जायला.



दुपारी आम्ही खाली गेलो. पंखा लावला. फोन पायरीवर ठेवला.

बाबा बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे होते. मग वाकले.

"मार सेल्फ!"

...

"हात काढलेत?"

त्यांनी वायर बसवली. दोन्ही हात बाहेर काढले. मागे सरकले. मला आधी वाटलं त्यांना बोलता येणार नाही. पण ते बोलले, मोठ्याने.

"काढले."

आता चावी फिरेल. आता गाडी सुरू होईल. मग ती जाईल.

पंखा घरघरत होता.

"हात काढलेत?"

बाबा माझ्याकडे बघू लागले.

"काढले, काढले! मार!"

"अहो... हात काढलेत का?"

"अगं काढले! हे बघ!" त्यांनी दोन्ही हात वर केले. ते कुणाला दिसणार होते? समोर बॉनेट होतं. "दोन्ही काढले! ऐकू येत नाही का तुला?"

"अहो?"

मी धावत जाऊन खिडकीतून हात घातला आणि चावी धरली. फिरेना. कुलूप अडकलं की कसं लागतं ते मला माहीत आहे. ही अडकलेली नव्हती. कुणीतरी धरून ठेवली होती. हे मी खात्रीने लिहिते आहे. आणि ती उबदार होती.

बाबा ओरडत होते. त्यांचा घसा बसला तरी ओरडत होते. काढले, काढले, काढले.

मी त्यांना पाणी दिलं. ते पीत असताना पायरीवरचा फोन उचलला आणि मुद्रण ऐकलं.

"मार सेल्फ" होतं.

पुढे तो कापलेला तुकडा. आईचा प्रश्न.

पण तुकडा तिथे संपत नव्हता. तो लांबला होता. बाबांचा "काढले" त्यातच गेला होता. पहिला, दुसरा, सगळे. एवढं ओरडणं, आणि पट्टीवर एक शब्द नाही.

बाबांचं उत्तर तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. इतक्या वेळा ते द्यायचं राहिलं, की आता ते देताच येत नव्हतं.

मला एकच उपाय सुचला.

"बाबा, तुम्ही इकडे या, शटरपाशी. हात वरच ठेवा. मी आत बसते. मी सांगते तिला."

ते येऊन उन्हाच्या पट्ट्यात उभे राहिले. दोन्ही तळवे समोर धरून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले आणि दार लावून घेतलं.

आत शिवणयंत्राच्या तेलाचा वास होता.

बाजूच्या खिडकीतून मला बाबा दिसत होते. पांढरा शर्ट. वर केलेले स्वच्छ हात.

"हात काढलेत?"

या वेळी आवाज माझ्या खांद्याजवळून आला. मी तिकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं, पण जमलं नाही.

मी तोंड उघडलं... आणि सवयीने थांबले. पडताळून बघायची माझी सवय. बॉनेट उघडं असलं की काचेच्या खालच्या कडेला, बिजागरीजवळ एक बारीक फट राहते. मान खाली केली की त्यातून इंजिनचा थोडा भाग दिसतो. मी वाकले.

फटीतून बेल्ट दिसला. इंजिनच्या पंख्याची पाती दिसली.

आणि त्यांच्यामध्ये...

दोन हात होते.

मनगटापर्यंत काळे. बाहीला ग्रीस. करड्या रंगाची बाही, बाबांच्या रोजच्या कामाच्या शर्टाची. ते काही करत नव्हते. नुसते आत ठेवलेले होते. जसे बाबा इतके रविवार ठेवून उभे राहिले होते, तसेच.

मी बाजूच्या खिडकीतून बघितलं. बाबा उन्हात उभे. हात वर.

पुन्हा फटीतून बघितलं. एक बोट जरासं हललं.

आईला फक्त ऐकूच येत नव्हतं असं नाही. त्या फटीतून तिला दिसत होतं. ती उगाच विचारत नव्हती.

मग ती माझ्याशी बोलली. आवाज अगदी हळू झाला होता, मला झोपेतून उठवताना व्हायचा तसा.

"तू सांग ना गं. काढलेत का बाबांनी?"

लहानपणी मी आईशी भरपूर खोटं बोलले आहे. अभ्यास झाला, दूध प्यायले, दात घासले. आताही एकच शब्द बोलायचा होता. बोलले असते तर तिने चावी फिरवली असती. ती सुटली असती.

आणि बेल्ट फिरला असता.

बाहेरून बाबा ओरडले, "सांगितलंस का?"

मी म्हटलं, "नाही, आई. अजून नाही काढले. तू थांब."



मग तिने सुस्कारा टाकला. भीती गेल्यावर टाकतात तसा.

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर तिने काही विचारलं नाही. त्या दिवशीही नाही, पुढेही नाही.

बाबांना वाटतं, त्यांचं उत्तर शेवटी पोचलं. मी आत बसून ते पोचवलं. फटीतून काय दिसलं ते मी त्यांना सांगितलेलं नाही. बॉनेट मीच बंद केलं. चावी माझ्या सामानात घेऊन आले. सायलेन्सरला बजावून ठेवलंय, त्या गाडीला कुणीही सेल्फ मारायचा नाही. नेहमी शंभर प्रश्न विचारणारा तो माणूस, एकही न विचारता "बरं, ताई" म्हणाला.

बाबांच्या हातांना हल्ली काही कळत नाही. उकळता चहा ओतलेला पेला तसाच धरून बसतात. डॉक्टरांनी नसा तपासल्या, सगळ्या चांगल्या आहेत म्हणाले. वयोमानाने होतं, असं बाबा म्हणतात. मीही हो म्हणते.

परवा फोनवर ते म्हणाले, "आता रविवार खायला उठतो गं. पण बरं झालं. ती सुटली."

मी हो म्हटलं.

पण ती माझी आई आहे. तिचा स्वभाव मला माहीत आहे. थांब म्हटलं की ती थांबते. चावीच्या जागी हात ठेवून, पुढे सरकवलेल्या सीटवर, अंधाऱ्या गॅरेजमध्ये ती आत्ताही बसली असेल. घाबरलेली नसेल. मी सांगितलंय म्हटल्यावर निर्धास्त असेल.

कधीपर्यंत थांबायचं, ते तिने विचारलं नाही.

आणि मी सांगितलं नाही.